गाडीआधी अर्थिंग

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

मोठी गाडी डिझेलची घ्यावी की इलेक्ट्रिक, हे तू विचारलंस. माझं मत इलेक्ट्रिककडे आहे, पण बुकिंगचे पैसे भरण्याआधी वायरमनला बोलावून घरचं अर्थिंग तपासून घे.

डिझेल नको, कारण तुझं रोजचं जाणं-येणं पाच-सहा किलोमीटरचं. बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळायला गाडी पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळावी लागते. रत्नागिरीत मारुती मंदिरच्या गर्दीत ते कधी व्हायचं? जाळणं अर्धवट राहिलं की त्यासाठी सोडलेलं जादा डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसते, ऑइल मात्र पातळ होतं. पेट्रोलला ही कटकट कमी, पण तेवढं वजन गावात ओढताना ते पितं फार.

आता अर्थिंग. आपला जांभा पाणी धरत नाही. पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये कोरडं पडतं, चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो आणि लोक गाडीला नावं ठेवतात. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावून बघ. दोन-तीन व्होल्ट चालतील, दहा-पंधरा नाहीत. चार्जरसाठी वेगळा खड्डा, तीन मीटर पाइप, भोवती बेंटोनाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारी माती. जागा न्हाणीच्या सांडपाण्याजवळची निवड, म्हणजे मेमध्येही ओल राहील. रोध पाच ओहमच्या आत हवा, आणि मोजायचा तो उन्हाळ्यात. वायरमन न्यूट्रलच अर्थला जोडून ‘झालं काम’ म्हणेल. अजिबात करू देऊ नकोस. खांबाकडून येणारा न्यूट्रल कधी तुटला, तर गाडीच्या पत्र्यात करंट येतो.

७.२ किलोवॅटचा चार्जर ३२ अँपिअर घेतो, तेही तासन् तास. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घाल, मीटरपासून अंतर जास्त असेल तर १०ची. ४० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा) आणि ऑक्टोबरातल्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर. पंप, गिझर धरून महावितरणकडे भार वाढवून घे. थ्री फेज मिळाली तर उत्तम. १५ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई या इलेक्ट्रिक गाडीची ७९ युनिटची बॅटरी रिकामीपासून भरायला एक दिवसाहून जास्त लागेल.

खर्चाचं गणित तूच कर: हजार किलोमीटरला, चार्जिंगमधली गळती धरून, साधारण २०० युनिट, तेवढ्याच डिझेल गाडीला ७५-८० लिटर.

कोल्हापूरला जाताना आंबा घाटाची धास्ती नको. माणसं-सामानासह २.६ टनांची गाडी ६०० मीटर वर चढवायला सपाट रस्त्यापेक्षा सुमारे पाच युनिट जास्त लागतात. उतरताना मोटरच गाडीला रोखून वीज बनवते (यालाच रीजन म्हणतात), त्यामुळे त्यातले अर्ध्याहून अधिक परत येतात. मात्र वर आंब्याला मुक्काम करून बॅटरी १०० टक्के भरून उतरू नकोस. भरलेल्या बॅटरीत वीज परत घ्यायला जागा नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ८५-९० टक्क्यांवर थांबव.

उलट, एरवी ब्रेक फारसे वापरलेच जात नाहीत आणि खाऱ्या हवेत डिस्क गंजतात. आठवड्यातून एकदा रीजन कमीत कमी ठेवून, मोकळ्या रस्त्यावर पाच-सहा वेळा ब्रेक चांगले दाबायचे. गाडी बंद पडलीच तर ओढून नेऊ द्यायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि नको तेव्हा वीज बनवते. चारही चाकं उचलणारी फ्लॅटबेडच मागव.

एका बाबतीत डिझेल सरस, ते मान्य. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस वीज नव्हती. मे-जूनमध्ये वादळाचा इशारा आला की त्याच रात्री गाडी पूर्ण भरून ठेव, आणि ती माडाखाली लावू नकोस.

तुझी,
आई