आई-बाबा, बापूच्या साक्षगंधाआधी हे वाचा

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. न.

परवा फोनवर आई रागावली. तेव्हा मी फार बोलले नाही, कारण बापू तुमच्याजवळच बसला होता आणि मला जे सांगायचं आहे ते स्पीकरवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून पत्र लिहिते आहे. बाबा, आईला हे मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. मग माझ्या भावाला, बापूलाही वाचायला द्या.

आई म्हणाली, "दोन लेकरांची माय तू, नोकरी हाय, घरी सासू हाय, अन् सायकलीनं गडचिरोलीले जातो म्हनतं. कायले वं?" या "कायले"चं उत्तर मोठं आहे. आधी सायकलीचं सांगते.

२६ डिसेंबरला सकाळी हिंगणघाटहून निघायचं आहे. त्या दिवशी बाबा आमट्यांची जयंती, आणि त्यांचा जन्म १९१४ सालचा, हिंगणघाटचाच. दुपारी वरोऱ्याला आनंदवनात जेवण, मुक्काम चंद्रपूरला. दुसऱ्या दिवशी मूल, सावली ही गावं करत वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली. सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. सोबत डॉक्टर आहेत, मास्तर आहेत, बँकेतले आहेत, दोन-तीन शेतकरीही आहेत. बायांमध्ये मी एकटी नाही. मागं एक गाडी राहणार, तिच्यात पाणी, औषधं आणि एक मेकॅनिक. ज्याला झेपणार नाही त्यानं गाडीत बसायचं, त्यात कमीपणा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

बाबा, आमट्यांच्या भारत जोडोबद्दल मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलं होतं. १९८५ ला कन्याकुमारीहून काश्मीरकडे पोरं-पोरी सायकलीनं निघाली होती, आणि बाबा आमट्यांना पाठीच्या दुखण्यानं नीट बसताही येत नव्हतं तरी ते गाडीत आडवे पडून सोबत गेले. त्यांच्यापुढं आमचे दोन दिवस काहीच नाहीत. पण ती गोष्ट सांगताना तुमचा आवाज कसा व्हायचा ते मला आठवतं, म्हणून तुम्ही तरी मला अडवणार नाही असं वाटतं.

आईला वाटतं हे खूळ अचानक डोक्यात शिरलं. तसं नाही. सोयाबीन निघत होतं तेव्हापासून तयारी चालू आहे. सकाळी अंधार असतानाच उठते. सासूबाई चहा ठेवतात. लेकरांच्या डब्याचं त्यांनी आपणहून अंगावर घेतलं आहे, हे आईनं जरूर ऐकावं. उजाडलं की गावाबाहेर पडते, तासाभरात परत येते, मग आंघोळ आणि उपकेंद्र. लसीकरणाचा दिवस असला की सायकल बंद, कारण त्या दिवशी दुपारपर्यंत मान वर करायला फुरसत नसते आणि रात्री सगळ्या नोंदी ऑनलाइन भरत बसावं लागतं. बाकीच्या दिवशी गृहभेटींना स्कूटी न नेता सायकलनंच जाते. आशाताई आधी हसल्या, आता त्यांनीही पोराची सायकल काढली आहे. सध्या कापसाच्या वेचणीला बाया मिळत नाहीत, त्यामुळं रविवारी मीही वावरात असते. म्हणून लांबची फेरी रविवारी पहाटेच उरकून घ्यावी लागते. दर आठवड्याला थोडंच अंतर वाढवायचं, एकदम उडी मारायची नाही, हे आमच्या गटातल्या मास्तरांनी बजावून ठेवलं आहे. त्यांचं ऐकते.

सुरुवातीला गुडघे फार दुखायचे. वाटलं, वय झालं. हिंगणघाटच्या सायकल दुकानात नेली तर त्या भाऊंनी मला भिंतीला धरून सायकलवर बसवलं, टाच पायडलवर ठेवायला सांगितली आणि पायडल अगदी खाली नेलं. पाय सरळ व्हायला पाहिजे होता, माझा गुडघा दुमडलेलाच होता. त्यांनी पाना घेऊन सीट चांगली चार बोटं वर केली. दुसरं सांगितलं की जड गिअरवर ताकद लावत बसू नका, हलक्या गिअरवर पाय भरभर फिरवा. एवढ्यानं दुखणं गेलं. बाबा, तुम्ही कित्येक वर्षं सीट खाली ठेवून सायकल चालवली, तुमच्या गुडघ्यांचं मूळ कदाचित तिथंच असेल.

रस्त्याची काळजी आहे, नाही कशी? वरोरा-भद्रावती-चंद्रपूर पट्ट्यात कोळशाचे ट्रक असतात आणि त्यांची धूळ. तिथं एकामागं एक चालायचं, गप्पा बंद. आमच्या इकडं पहाटे रोही, म्हणजे नीलगाई, रस्त्यात येतात. एक आडवा गेला की थांबायचं, कारण मागून आणखी येतात. चंद्रपूर आणि मूलच्या मधे लोहारा, चिचपल्लीचं जंगल आहे, वाघ आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं वर आल्याशिवाय निघायचं नाही आणि कोणी मागं एकटं राहायचं नाही. मूल, सावलीकडच्या लोकांना तर रोज त्याच वाघांच्या भीतीत शेतावर जावं लागतं. आम्ही दिवसाउजेडी, घोळक्यानं एकदाच जाणार.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते.

ही फेरी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या लेकरांसाठी आहे. ओळखीचे लोक किलोमीटरमागे रुपया, दोन रुपये, जमेल तसे देतात. आमच्या गावच्या किराणावाल्यानं दिले, शाळेतल्या बाईंनी दिले. रुग्णाला एसटीत सवलत आहे, पण सोबत येणाऱ्या मायचा रोज बुडतो, रक्त चढवायला जिल्ह्याच्या दवाखान्यात दोन दिवस राहावं लागलं तर खायचं काय, थंडीत लेकराच्या अंगावर स्वेटर आहे का, अशा गोष्टींत हा पैसा जाणार. औषधं सरकारी दवाखान्यात मिळतात. त्याभोवतालचं बाकी सगळं घरच्यांवर पडतं.

माझ्या भागात पाचवीतली एक पोरगी आहे. नाव लिहीत नाही. मागच्या थंडीत रात्री तिच्या बापानं फोन केला, मी गेले. पोरगी खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि मायच्या पदराचं टोक दातात धरलं होतं. ओरडत नव्हती. माय चुलीवर मीठ भाजून कापडाच्या पुरचुंडीत बांधत होती आणि मांड्यांवर फिरवत होती. पुरचुंडी थंड झाली की पुन्हा तव्यावर. मी पाणी पाजायला घेतलं तर घोटाघोटाला तिचा जबडा थरथरायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, पुढं रक्त जात नाही, आणि जिथं रक्त जात नाही तिथं असं दुखतं. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की हे सुरू होतं. गाडी येईपर्यंत मी तिचे पाय धरून बसले होते. पोरगी आता बरी आहे, रोजची गोळी चालू आहे, शाळेत जाते. पण तिच्या मायनं त्या रात्री मला विचारलं, "सिस्टर, आमी काय पाप केलं होतं?" काहीच नाही. दोघंही वाहक होते, म्हणजे स्वतःला आजार नाही पण लेकराला देऊ शकतात असे, आणि कोणी कधी त्यांचं रक्त तपासलं नव्हतं. लग्नात पत्रिका मात्र पाहिली होती.

आई, बाबा, माझीही तपासणी झाली आहे. शिबिरात लोकांना सुई टोचायची तर आधी आपलं बोट पुढं करावं म्हणून मी केलं. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली. तिच्यावरून फक्त दोष आहे की नाही एवढंच कळतं, वाहक की रोगी ते नाही, म्हणून पुढची मोठी तपासणी केली. मी एएस आहे. म्हणजे वाहक. घाबरू नका, वाहक म्हणजे रोगी नव्हे. मला काही होत नाही, कधी झालंही नाही, औषध लागत नाही. यांची तपासणी केली, ते एए आले, म्हणजे वाहकही नाहीत. त्यामुळं आमच्या लेकरांना हा आजार होऊ शकत नाही, फार तर माझ्यासारखी वाहक निघतील. तीही तपासणी करून घेणार आहे.

मग वाहक बाईनं एवढी सायकल चालवावी का, हा आईचा पुढचा प्रश्न असेल. मी डॉक्टरांना विचारूनच नाव दिलं. वाहकाला धोका होतो तो कडक ऊन, कमी पाणी आणि सवय नसताना एकदम जोराची मेहनत, हे सगळं एकत्र आलं तर. म्हणून तर दोन-अडीच महिने हळूहळू वाढवते आहे, म्हणून फेरी उन्हाळ्यात न ठेवता डिसेंबरात, म्हणून तहान लागायची वाट न पाहता पाणी पिते. एका बाटलीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. ती पाकिटं मेडिकलमधून विकत आणलेली आहेत, उपकेंद्रातली नाहीत. खिशात गूळ-शेंगदाणे. छातीत धडधडलं किंवा मांड्या नेहमीपेक्षा जास्त दुखल्या तर उतरून गाडीत बसायचं, हे यांना वचन दिलं आहे आणि तुम्हालाही देते.

आता बापूचं. मी वाहक आहे म्हणजे तुम्हा दोघांपैकी निदान एक जण आहेच. कोण, यावरून आईनं स्वतःला एक शब्दही लावून घ्यायचा नाही. हे कोणाच्या वागण्यानं, खाण्यानं होत नाही. तुम्हाला तुमच्या माय-बापाकडून आलं, त्यांना त्यांच्याकडून. आपल्या विदर्भात हे पुष्कळ घरांत आहे आणि बहुतेकांना माहीतच नाही. पण याचा अर्थ बापूही वाहक असण्याची शक्यता निम्मी तरी आहे. तो वाहक आणि होणारी सूनही वाहक निघाली, तर त्यांच्या प्रत्येक बाळंतपणात चारातली एक शक्यता त्या पाचवीतल्या पोरीसारख्या लेकराची. पहिलं लेकरू निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

मारेगावची मंडळी पौष लागायच्या आत साक्षगंध उरका म्हणतात, हे कळलं. मुलगी मलाही आवडली आहे. पण त्याआधी बापूची तपासणी झाली पाहिजे. आधी आपल्या पोराची. मुलीकडच्यांना पहिल्यांदा रिपोर्ट मागायचा नाही, त्यांना वाटेल पोरीत खोट काढतात. बापू एए आला तर विषय तिथंच संपला, तिला विचारायचीही गरज नाही. एएस आला तर मी स्वतः मारेगावला येईन, तिच्या आईशी बोलेन आणि आपला कागद समोर ठेवूनच बोलेन. दोघंही एएस निघाले तरी काय करायचं ते ती दोघं ठरवतील. लग्न करायचं ठरवलं तर दिवस राहिल्यावर पहिल्या महिन्यांतच मोठ्या दवाखान्यात गर्भाची तपासणी होते, मी सोबत जाईन. फक्त अंधारात कोणी राहायचं नाही.

लोक काय म्हणतील, हे बाबांच्या मनात येईल. म्हणू द्या. सरकारनंच २०२३ मध्ये सिकलसेलसाठी देशभराची मोहीम काढली आहे आणि तिच्यात लग्नाआधी तपासून घ्या हेच सांगितलं जातं. मी रोज दुसऱ्यांच्या अंगणात बसून हेच सांगते. आपल्याच अंगणात कसं गप्प राहू? आणि मावशीच्या, काकाच्या पोरांनाही सांगावं लागेल. मावशीला आईनं सांगावं, ती माझं ऐकणार नाही.

तर सोमवारी बापूला राळेगावच्या सरकारी दवाखान्यात पाठवा. तुम्ही दोघंही सोबत जा, तिघांचंही रक्त द्या. पैसे लागत नाहीत, उपाशी जायची गरज नाही. आधार कार्ड न्या. नुसत्या बोटाच्या टेस्टवर थांबू नका, पॉझिटिव्ह आली तर पुढच्या तपासणीला नमुना पाठवायला सांगा आणि कागद हातात घेऊनच या. बाबांनी बीपीची गोळी घेऊन जावं. दुपारी एकच्या सुमारास मी फोन करीन, तेव्हा उपकेंद्रात गर्दी नसते. बापूला सांगा, तोपर्यंत मारेगावला तारीख कळवू नको.

तुमची
बेबी