पिछाडी सांभाळणाऱ्या भाच्याला

बर्न, स्वित्झर्लंड

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

राजगड-तोरणा ट्रेकला यंदा पिछाडी तुझ्याकडे आहे असं ताईने कळवलं. तेही मे महिन्यात! लीडरपेक्षा तेच काम अवघड, म्हणून हे लिहिते.

मागे पडलेला हमखास म्हणतो, "मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे." ऐकू नकोस. त्याला हाताला धरून ओढतही नेऊ नकोस. चालणारे स्नायूच अंगात उष्णता तयार करतात, त्यामुळे तो आणखी तापतो. सॅक दुसऱ्याकडे दे, सावलीत बसव आणि विचार: पाणी किती प्यालास, शेवटचं काय खाल्लंस, लघवी कधी झाली? उत्तर देताना अडखळतो का, तेही बघ.

डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येताहेत, घाम मात्र भरपूर, तर ऊन लागलंय. आडवा कर, पाय सॅकवर ठेव, शर्ट भिजवून वारा घाल. ओआरएसचं लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच मिसळ. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं ओतलं की क्षार जास्त होतात, उलट्या वाढतात. थोड्या थोड्या वेळाने दोन-दोन घोट दे. पाकीट नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अर्ध्या तासात तरतरी आली नाही, तर त्याचा ट्रेक तिथेच संपला.

उलटा प्रकारही होतो. काही न खाता नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, मळमळ तशीच, पण बोटं फुगलेली आणि लघवी पाण्यासारखी. त्याला आणखी पाणी पाजणं घातक. खारट खायला दे. लघवीचा प्रश्न त्यासाठीच.

बरळायला लागला, तोल जायला लागला, तर तो उष्माघात. मग तोंडाने काहीच द्यायचं नाही, सगळं पाणी अंगावर: मान, काखा, जांघा. आधी गार करायचं, मग खाली न्यायचं. पाण्याची काटकसर तेव्हा करू नकोस.

घसाऱ्यावर पाय मुरगळला तर बूट काढू नकोस, सुजल्यावर परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आठच्या आकड्यात बांध. चार पावलंही टाकता येत नसतील तर हाड मोडलंय असंच धर.

राजगडाकडून निघालात की डोंगराची सोंड वेल्हे-भुतोंडे रस्त्याला मिळते. तिथवर गाडी येते, तेव्हा दमलेल्याचा निर्णय तिथेच घ्या. पुढे तोरण्याच्या बुधला माचीचा चढ लागला की मधूनच उतरणं अवघड. परत पाठवताना सोबत दोघं द्या, एकट्याला कधीच नाही.

इथे १४१४ फिरवला की रेगा या हवाई बचाव संस्थेचं हेलिकॉप्टर निघतं, दोन्ही हात वर करून इंग्रजी वायसारखं उभं राहिलं की पायलटला कळतं. सह्याद्रीत मदत बहुतेक पायी येते, गावकरी आणि ट्रेकर मंडळी स्ट्रेचर खांद्यावर घेऊन, आणि त्याला तास लागतात. म्हणून ११२ ला फोन लवकर करा: जागा, माणसं किती, शुद्धीवर आहे का, पाणी किती उरलंय. रेंज नसेल तर शिट्टी, मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबायचं. उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

ताईला सांग, सोबतच्या चिवड्यात मीठ जरा जास्तच घाल.

तुझी मावशी