बाह्यांवरून झालेल्या भांडणानंतर

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस. तेव्हापासून फोन हातात घेते आणि ठेवून देते, म्हणून लिहायला बसले. तुझ्या कोडावरच्या उजेडाच्या उपचारांबद्दल या पत्रात एक अक्षर काढायचं नाही, असं ठरवलंय.

तो पूर्ण बाह्यांचा कुर्ता मी तुझ्यापुढे धरायला नको होता. पाहुणे काय म्हणतील याला घाबरले मी. ही भीती जुनी आहे गं. तू नऊ वर्षांची असताना कोपरावर टिकलीएवढा डाग दिसला आणि मी खडू समजून ओल्या फडक्याने पुसत राहिले. नंतर तू तो तपकिरी स्केचपेनने रंगवायचीस. सायकलवरून पडलीस, गुडघ्याची खपली निघाली आणि खालची कातडी पांढरी आली. खरचटलं की तिथे नवा डाग उठू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मी तुला धावूच दिलं नाही.

आणि तो टॉवेल. काकूंनी तुझा वेगळा ठेवायला सांगितला. कोड कुणाला लागत नाही, महारोगाशी त्याचा संबंध नाही, हे मला माहीत होतं. तरी मी मुकाट्याने दुसरा टॉवेल आणून दिला. तू पाहत होतीस.

दहा प्रश्नांचा तो कागद आठवतो? त्वचेमुळे गेल्या आठवड्यात लाज वाटली का, कपडे निवडताना फरक पडला का... एकूण 30 गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. तू सगळीकडे ‘अजिबात नाही’वर खूण केलीस. शून्य! डॉक्टर खूश झाले. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्या ओढून तू शेजारी बसली होतीस, आणि मी काही बोलले नाही.

कोड असलेल्यांच्या गटात मात्र तू खरं बोलतेस, असं दादा म्हणाला. मला राग आला. परक्यांना सांगते आणि मला नाही? मग तुला न कळवता पालकांच्या बैठकीला गेले. एका बाईंनी विचारलं, “मुलीच्या डागांवरून हात कधी फिरवलात, मलम न लावता?” मला आठवेना.

बोटांवर रंग येतच नाही, मग किती वर्षं, असं तू विचारलंस. खरं आहे, बोटांच्या टोकांवर फार कमी येतो. पण मानेवर ठिपक्याठिपक्यांनी भरत होता ना? चौथ्या महिन्यातच उजेड घेणं सोडायचं? निदान सहा महिने तरी बघायला हवं. थायरॉइडची तपासणीही राहिलीय. उन्हात जाताना डागांवर सनस्क्रीन लाव, तिथे चटकन भाजतं... लागले बघ शिकवायला. चुकलं माझं. कातडी तुझी आहे, ठरवायचं तूच.

25 जूनला, व्हिटिलिगो म्हणजे कोडाच्या दिनाला, तू अर्ध्या बाह्यांत सगळ्यांसमोर बोलणार आहेस हे कळल्यापासून बाबा ज्याला त्याला सांगत सुटलेत. मला मात्र रात्री झोप लागत नाही. कुणी काही बोललं तर? मी येऊ का? मागे बसेन, मधे बोलणार नाही.

निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय, अर्ध्या बाह्यांचा.

सोमवारी उजेड घेतलास का? तेवढं कळव.

तुझी,
आई