ब्राउझरला एकच फोल्डर दिसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सायबर फसवणुकीच्या बातमीखाली ‘सतर्क राहा’ हा सल्ला ठरलेला. पंचवटीत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. काउंटरवर सहा माणसं खोळंबलेली असताना प्रत्येक मेल डोळ्यांत तेल घालून तपासणं होत नाही.

दोन वर्षांपूर्वी मीच बिल समजून मेलमधली एक फाइल उघडली आणि सगळ्या फायलींना कुलूप लागलं. लोकांची आधार कार्डं, पॅन, सातबारे, सगळं गेलं. पिंपळगावचे एक द्राक्ष बागायतदार तेच कागद घेऊन पुन्हा आले. चकार शब्द बोलले नाहीत. मला मान वर करवेना.

मग भाच्याने जुन्या लॅपटॉपवर ओपनबीएसडी टाकून दिली. थिओ डी राट यांनी 1995 मध्ये कॅनडात सुरू केलेली ही विंडोजसारखी, संगणक चालवणारी प्रणाली. ती सर्व्हरवाल्यांची, काळ्या पडद्यावर कमांड मारणाऱ्यांची, असं बरेच जण म्हणतात. ते खरं नाही. खिडक्या-माउसचा भाग, झेनोकारा, तिच्यासोबतच येतो. सुरुवातीला मिळणारा डेस्कटॉप फारच उघडाबोडका, मला रुचला नाही. पण एक्सएफसीई हा नेहमीसारखा डेस्कटॉप, कागदपत्रांसाठी लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ब्राउझर एकेका कमांडने बसतात. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्डनेच टाइप करतो.

पहिल्याच दिवशी एका मुलीचा फोटो अपलोड करायला गेलो, तर फायरफॉक्सच्या खिडकीत माझं ‘दुकान’ फोल्डर उघडेचना. पोटात गोळा आला. भाचा म्हणाला, ‘मामा, फायली जागेवरच आहेत, ब्राउझरला दिसत नाहीत एवढंच.’ ‘अनव्हेल’ नावाच्या सोयीमुळे फायरफॉक्सला माझ्या कागदांपैकी फक्त डाउनलोड्स दिसतं. ‘प्लेज’ने प्रोग्रामला नेमून दिलेली कामंच करता येतात, भलतं काही करू गेला की प्रणाली त्याला तिथेच बंद पाडते. माइक आणि कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंगही मुळात बंद, हवं तेव्हा आपण सुरू करायचं. आता लागेल तेवढाच कागद डाउनलोड्समध्ये ठेवतो.

अडचणी आहेत. ब्लूटूथ नाही, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन घेऊ नये. खरी अडचण डिजिटल सहीची. माझ्याकडच्या टोकनचं (सही साठवणाऱ्या यूएसबी उपकरणाचं) सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, म्हणून त्या एका कामासाठी दुसरा संगणक ठेवावा लागला. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे नेहमीचे सुरक्षा अपडेट बंद झाले, तरी कित्येक दुकानांत तीच चालू आहे आणि तिच्यात शेकडो लोकांचे कागद पडून आहेत. पोर्टल आणि सहीची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्यांना कळकळीची विनंती, आम्हाला एकाच प्रणालीला बांधून ठेवू नका. आणि माझ्यासारख्या दुकानदारांनो, एखाद्या जुन्या मशीनवर ही प्रणाली महिनाभर चालवून पाहा.

ते बागायतदार गेल्या महिन्यात आले होते. अर्ज भरून झाल्यावर त्यांचा सातबारा त्यांच्यासमोरच पुसला.

– एक दुकानदार, पंचवटी, नाशिक