घोडी थांबवल्याबद्दल सॉरी म्हणू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

शनिवारी इव्हेंटिंगच्या स्पर्धेत, ड्रेसाज, क्रॉस-कंट्री आणि शो जंपिंग या तीन टप्प्यांपैकी क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या मैदानातल्या पक्क्या अडथळ्यांवरून घड्याळ लावून धावताना, हात वर करून तू घोडी थांबवलीस आणि संध्याकाळी फोनवर तुझं पहिलं वाक्य होतं, "सॉरी आई, एवढा खर्च वाया गेला." तू रडत होतीस म्हणून तेव्हा वाद घातला नाही. आता घालते.

तू सांगितलंस ते मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. पाण्यातून बाहेर पडल्यावर घोडी लगामावर भार टाकून तुझ्या हातावर जड झाली. चढावर तू पाय लावलास तरी टापा लांबल्या नाहीत. पुढच्या उडीला तिने गुडघे नीट वर घेतलेच नाहीत, कशीबशी पोट घासून पार झाली. त्यानंतर होता उतारावरचा टेबल, टेबलासारखा रुंद, पक्का अडथळा. घड्याळाच्या मानाने तू जेमतेम चार-पाच सेकंद मागे होतीस, तरी थांबलीस. बाबा ऐकून एवढंच म्हणाले, "घड्याळ बरं दिसत असताना थांबली ना? मग तिचं लक्ष घोडीकडे होतं."

मला अजून खोगीर धड कसता येत नाही, पण तुझ्यामागे मैदानं हिंडून थोडंफार कळायला लागलंय. शो जंपिंगला दांडी पडते, चार गुण जातात, विषय संपला. क्रॉस-कंट्रीचा ओंडका पडत नाही. दमलेल्या घोडीचे पुढचे पाय गुडघ्याच्या वर त्यावर आदळले की ती कोलांटी खाते आणि स्वार तिच्याखाली सापडतो. म्हणून काही अडथळ्यांना आता धक्क्याने सुटणाऱ्या पिना बसवतात. पिन सुटली की 11 गुणांचा दंड. टोकियो ऑलिंपिकमध्ये जर्मनीच्या मिखाएल युंगला तो चौदाव्या अडथळ्यावर बसला आणि दोन ऑलिंपिकमधला वैयक्तिक सुवर्णविजेता आठव्या नंबरावर गेला. तसले 11 गुण तू हवे तितके घालव, माझी तक्रार नाही. ज्या अडथळ्याला पिन नाही त्याची मला धास्ती वाटते.

याचा अर्थ मी तुला भित्री हो म्हणतेय असा काढू नकोस. भित्र्या पोरीला कुणी परक्या देशात पहाटेच्या अंधारात लीद काढायला पाठवत नाही.

खरं काय लागलंय ते मला माहीत आहे. वरच्या पातळीच्या स्पर्धेसाठी ही पात्रता तुला हवी होती. ड्रेसाजला, म्हणजे ठरलेल्या चाली करून दाखवण्यात, दंड 45 च्या आत, क्रॉस-कंट्रीत एकही रिफ्युजल नाही, म्हणजे घोडी अडथळ्यापुढे अडायची नाही, ठरल्या वेळेपेक्षा 75 सेकंदांहून जास्त उशीर नाही, जंपिंगला 16 पर्यंत. ही आकडेमोड आता माझ्याही तोंडपाठ आहे. ड्रेसाज इतकं छान झाल्यावर निकालाच्या यादीत तुझ्या नावापुढे आकड्याऐवजी "रिटायर्ड" वाचताना मलाही कसंसंच झालं, खोटं कशाला सांगू. पण आपल्या भारताच्या फवाद मिर्झाच्या निकालाचा कागद एकदा काढून बघ. तोही असाच घर सोडून जर्मनीत सँड्रा आउफार्ट या प्रशिक्षिकेकडे राहून तयार झाला. टोकियोत क्रॉस-कंट्रीला त्याला वेळेचा दंड 11.2 गुण होता. सेकंदाला 0.4 धरलं तर तो 28 सेकंद उशिरा आला. अडथळे मात्र सगळे साफ. दुसऱ्या दिवशी तोच घोडा जंपिंगला उभा होता आणि फवाद 23 वा आला. ते 28 सेकंद आज त्याला कोण विचारतं? पात्रता पुढच्या स्पर्धेत मिळेल, नाहीतर त्याच्या पुढच्या. तुझी घोडी रविवारी सकाळी दुडक्या चालीने सरळ चालली, पाय गरम नव्हते, खाणं संपवलं होतं, हे तू अगदी शेवटी, जाता जाता सांगितलंस. मी ते सगळ्यात आधी ऐकायला हवं होतं.

आता दुसरं. मालक घोडी विकायचं म्हणताहेत हे तू आम्हाला सांगितलं नाहीस, तुझ्या प्रशिक्षकांच्या बोलण्यातून कळलं. निकाल चांगला आला असता तर घोडी राहिली असती, असं तुझ्या डोक्यात असेल तर ते काढून टाक. निकाल चांगला आला असता तर तिची किंमत वाढली असती आणि ती आणखी लवकर गेली असती. आणि घोडी गेली म्हणून सगळं संपत नाही. जर्मन स्वार युलिया क्रायेव्हस्कीच्या सामुराई या घोड्याचा डोळा गेला, 2021 मध्ये त्याला निवृत्त करावं लागलं आणि त्याच वर्षी आमांद या घोडीवर तिने ऑलिंपिकचं सुवर्ण घेतलं. इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली बाई. तू म्हणशील, तिच्याकडे दुसरी घोडी तयार होती, माझ्याकडे कुठाय? बरोबर आहे, हा फरक मोठा आहे आणि मी तो नाकारत नाही. म्हणूनच म्हणते, तबेल्यातल्या कुठल्याही घोड्यावर बसायला मिळालं तर बस. अर्धकच्च्या, हट्टी, कुणाला नको असलेल्या घोड्यावरसुद्धा. मालक घोडं देताना निकालाचा कागद बघतात तसं हेही बघतात, की आपलं जनावर ही मुलगी धड परत आणेल का. शनिवारी ते त्यांनी बघितलंय.

मागच्या महिन्यात तू अंगात ताप असताना खरारा करत होतीस, हेही मला मागाहून कळलं. कामाच्या बदल्यात शिकणाऱ्या मुलांना सुट्टी मागायची भीती वाटते, आज मागितली तर उद्या चांगला घोडा दुसऱ्याला मिळेल म्हणून. भीती खोटी नाही. तरीही सांग. घोड्यांचा ताप रोज मोजून तक्त्यावर लिहितेस, स्वतःला थर्मामीटर लावलास कधी?

राहिला पैसा. एंट्री, घोडी नेण्याचं भाडं, तंबूतला तबेला, नालबंद, व्हेट, हे सगळं आम्ही हिशेब करून, डोळे उघडे ठेवून दिलंय. ते कर्ज नाही. उडीकडे जाताना तुझ्या मनात आमचे पैसे येत असतील, तर पुढचे पैसे येणार नाहीत. हे बाबांशी बोलून लिहितेय, धमकी समजलीस तरी चालेल. उडीकडे जाताना घोडीचे कान, पुढची जमीन आणि घड्याळ एवढं बघायचं. आमचा हिशेब आमच्या टेबलावर राहू दे.

प्रशिक्षकांनी तुला जवळ बोलावून नेमकं काय सांगितलं, ते तू फोनवर गाळलंस. चांगलं असो की वाईट, लिहून कळव. आणि एक काम राहिलंय. गेल्या मोसमात पडून डोक्याला मार बसला, त्याची नोंद स्पर्धेत बाहीवर बांधायच्या मेडिकल कार्डावर अजून केलेली नाही, असं तूच बोलून गेलीस. पुढची एंट्री भरायच्या आधी ती कर आणि कार्डाचा फोटो मला पाठव.

तुझी,
आई