रेल्वेतून बाग दिसत नाही

बेळगाव, सोमवार रात्र

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न.

आधी एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा. गेल्या महिन्यात बाबांनी फोनवर विचारलं होतं, "मिरजेला गेलीस तेव्हा आपली बाग दिसली काय गं?" आणि मी म्हणाले, "दिसली की, हिरवीगार आहे." बाबा, ती थाप होती. रेल्वेतून आपली बाग दिसत नाही. रुळाच्या दोन्ही अंगाला ऊसच ऊस, आणि आपलं रान मंगसुळीच्या वरच्या माळाला. चाळीस वर्षं त्या लाईनीनं फिरलेल्या माणसाला हे मी सांगायला नको. तरी तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडं दिलात. ते "बरं" मला पंधरा दिवस टोचत होतं. म्हणून काल रविवारी चिन्मयला घेऊन जाऊन आले. उगारपर्यंत गाडीनं, तिथनं पायी.

हे आले नाहीत. त्यांच्या मते घरात गाडी असताना उन्हातून चालत जाणं हा आमच्या घराण्याचा रोग आहे. आई, तू हसशील, पण चार भाकरी आणि शेंगाची चटणी मात्र त्यांनीच बांधून दिली.

पॅसेंजरला पाय ठेवायला जागा नव्हती. माघी पौर्णिमा होऊन चारच दिवस झालेले, तेव्हा अख्खा डबा चिंचलीच्या मायाक्काला निघालेला. कपाळं पिवळी, मांडीवर परडी, आणि कानडी-मराठीची अशी सरमिसळ की एक आजी वाक्य मराठीत सुरू करून कानडीत संपवायची. घटप्रभेला करदंट (तिकडची मिठाई) घेतला, तो रायबाग यायच्या आत संपला. चिंचलीला डबा असा रिकामा झाला की चिन्मय बाकावर आडवाच झाला.

कुडचीनंतर कृष्णेचा पूल आला. आई, तुझी ताकीद लक्षात होती, रुपया काढून चिन्मयच्या हातात दिला. त्यानं क्रिकेटचा बॉल टाकावा तसा तो भिरकावला. रुपया गर्डरला लागून ठणकन वाजला आणि परत रुळाकडंच कुठंतरी पडला. "आता पुण्य रेल्वेला," म्हणाला. नदी खाली गेली आहे, काठाची माती उघडी पडली आहे आणि तिथं कुणीतरी काकड्यांचे वेल लावले आहेत. २०१९ ला याच गावांत पाणी कुठवर आलं होतं ते त्याला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना.

उगार येतंय हे नाकाला आधी कळलं. मळीचा वास आला की तुम्ही घड्याळ न बघता उतरायला उठायचात, तसा माझाही हात आपोआप पिशवीकडं गेला. कारखाना जोरात चालू आहे. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर आणि ड्रायव्हरची गाणी अशी मोठ्यानं की मागून येणाऱ्याला हॉर्नची गरजच नाही. आम्ही डांबरी सोडून पाणंदीनं निघालो. पहिला तासभर दोन्हीकडं उसाच्या भिंती, वारा म्हणून नाही, पायाखाली काळी ढेकळं. चिन्मयनं विचारलं, "आजोबांची बाग एवढ्या लांब कशाला? इथं नदी आहे की." मग तुमचंच वाक्य त्याला ऐकवलं, "द्राक्षाला पाणी पाजायचं, पाण्यात उभं करायचं नाही." काळी जमीन पाणी धरून बसते आणि वेलाची मुळं कुजतात, हे त्याला तेव्हा पटलं नाही. पण पुढं चढ लागला, काळ्याची तांबूस झाली, बुटात मुरूम टोचायला लागला आणि बरोबर तिथंच पहिली बाग दिसली. तेव्हा तोच मला म्हणाला, "बघ, इथनं सुरू झालं."

माळाला पळस फुलला आहे. पानं गळालेली, नुसती केशरी फुलं, त्यावर साळुंक्यांचा गोंगाट. तारांवर वेडे राघू ओळीनं बसलेले. बागा मात्र आता आपल्या वेळेसारख्या नाहीत. मांडव जवळपास दिसतच नाहीत, सगळीकडं वेलांना इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे लोखंडी अँगल. घडांना जुन्या वर्तमानपत्राच्या टोप्या घातलेल्या, ऊन लागून मणी पिवळे पडू नयेत म्हणून. चिन्मय एका घडावरची क्रिकेटची बातमी वाचायला वाकला तर आतून बाई ओरडली, "ए, हात लावू नको हं!" मग कुणाचा कोण हे विचारून झाल्यावर तिनंच ओंजळभर मणी दिले. गोडी चांगली उतरली आहे, पण देठाजवळचे दोन-तीन आंबट होते.

दोन तासांची वाट म्हणून निघालो, तीन लागले. खंडोबाला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. आई, तुझ्या नावानं खोबरं-भंडारा उधळला. गाभाऱ्यात गर्दी नव्हती, निवांत दर्शन झालं. ओवरीत बसून भाकरी खाल्ली.

आता बागेचं. हे लिहायला मी दोनदा पेन खाली ठेवलं.

बाबा, तुमची बाग नाही. म्हणजे बाग आहे, चांगली आहे, पण वेल तुमचे नाहीत. २०११ ला तुम्ही रान दिलंत तेव्हा आत्ताच्या मालकांनी "बाग मोडणार नाही" असा शब्द दिला होता, तो मला आठवतो. त्यांनी दुसऱ्याच वर्षी सगळे वेल काढले. खाली डॉगरीज जातीचा जंगली खुंट, वर कलम, असं नवं लावलं. मालकांनी स्वतःच सांगितलं, लपवलं नाही. वर म्हणाले, "तुमच्या वडलांनी १९८४ ला स्वतःच्या मुळावर लावलेली बाग हो ती. पाणी खारट होत चाललं, तिच्यानं निभलं नसतं." मला राग यायला हवा होता. आला नाही, याचाच जरा राग आला.

आणि तुमचे दगडी खांब. ट्रकनं आणून उतरवताना एकाखाली तुमचा अंगठा सापडला होता ते. त्यातले काही बांधाला आडवे घातले आहेत, दोन ओढ्यावर टाकून साकव केला आहे, आणि एक विहिरीपाशी धुण्याचा दगड झाला आहे. त्यावर तुमच्या हाताचा तांबडा ऑइल पेंट अजून आहे, १७. सातचं शेपूट तुम्ही नेहमी लांब ओढता तसंच. डोक्याला तार बसवायला जी खाच पाडली होती, त्या खाचेत आता साबणाची वडी ठेवतात. अगदी मापात बसते. चिन्मयनं त्याच दगडावर पाय धुतले. मी फोटो काढला आहे, दादाच्या मोबाईलवर पाठवला आहे, त्याच्याकडून मोठा करून बघा.

"या की आत, बसा. कुणाच्या म्हणालासा?" असं म्हणत मालकांची सून शेडवर घेऊन गेली. ते सगळा माल बेदाण्याला घालतात. क्रेटभर द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायची, निथळायची आणि जाळ्यांच्या मजल्यांवर पसरायची. सावलीत, वाऱ्यावर, दोन आठवड्यांच्या आसपास. तिची बोटं त्या पाण्यानं पांढरी पडून सोलल्यासारखी झाली होती. पसरणाऱ्या बायका पूर्वेकडच्या अथणीच्या गावांतल्या. त्या मला "बर्री, बर्री" म्हणून जवळ बोलवत होत्या आणि चिन्मयच्या खिशात बेदाणे कोंबत होत्या. शेडमध्ये उभं राहिलं की एकीकडं गंधकाचा वास घशाला लागतो आणि दुसरीकडं गूळ ठेवलेल्या फडताळासारखा गोडसर वास येतो.

तुम्ही म्हणायचात, बेदाणा म्हणजे हरलेल्याचा माल. विकलं गेलं नाही ते वाळवायचं. चार किलोचा एक किलो करायचा, वर मजुरी घालायची. मी ते मालकांना सांगितलं (सांगायला नको होतं बहुतेक). ते हसले नाहीत. म्हणाले, "ताजी द्राक्षं घेऊन बसलं की व्यापारी सांगेल तो दर. बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून म्हणता येतं, आज नाही देत जावा." मला एकदम तो व्यापारी आठवला, जो दोन गाड्या माल नेऊन परत फिरकलाच नाही. आणि त्याच्यावर २००९ चा नोव्हेंबर, फयान वादळाचा पाऊस, बाग फुलोऱ्यात, आणि तिसऱ्या दिवशी पानांखाली दावणी रोगाची पांढरी बुरशी. तुम्ही रात्री बॅटरी घेऊन पानं उलटून बघत होतात. तेव्हा मला वाटायचं, औषध मारायला एक दिवस उशीर केला बाबांनी. हे मी कधी बोलले नाही, पण वाटायचं. काल त्या माणसानं आपणहून सांगितलं की त्या वर्षी दिवसाआड फवारलेल्या बागाही गेल्या, त्यांची स्वतःची धरून.

तिथनं आम्ही आरगला चालत गेलो. हद्द कुठं लागली ते कळलंच नाही. पाट्या कानडीच्या मराठी झाल्या तेव्हा चिन्मयनं सांगितलं, "आई, आपण महाराष्ट्रात आलो." आरगला संध्याकाळची गाडी धरून मिरज, तिथनं बेळगाव, असा माझा बेत. आजोबा आणि मिरजेला येणारी बार्शी लाईट रेल्वे एकाच सालची, १९२७. त्या छोट्या गाडीतून उतरून ते पळत पुढं जाऊन परत चढायचे म्हणे. आम्ही नेमके उलटे. फाटकापाशी पोचलो आणि समोरून मोठ्या गाडीचा शेवटचा डबा गेला. चूक माझीच, शेडवर तासभर जास्त बसले. मग वडापनं मिरज. बारा माणसांच्या जीपमध्ये अठरा, चिन्मय कुणाच्या तरी शेळीशेजारी झोपला. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र झाली. आज शाळेत मी खुर्चीवरून उठताना मुली हसत होत्या.

दादाचा मित्र शुक्रवारी पुण्याला निघतोय, त्याच्याबरोबर दोन किलो बेदाणा पाठवते आहे. बागेच्या मालकांनी पैसे घेतले नाहीत. आई, बाबांना रोज दहाच्या वर देऊ नकोस, साखर वाढेल. डबा फडताळात वर ठेव, खाली ठेवलास तर ते शोधतात. भंडाऱ्याची पुडी त्याच पिशवीत आहे, गुडघ्याला लावायची नाही, देवापुढं ठेवायची.

आणि बाबा, एक विचारायचं आहे. वेल काढल्याचं तुम्हाला आधीच माहीत होतं काय? मालक म्हणाले, "त्यांना मी त्याच वर्षी कळवलं होतं." मग मला फोनवर विचारलंत ते कशासाठी? फोनवर सांगू नका, तिथं तुम्ही "बरं" म्हणून आईकडं देता. चार ओळी लिहून पाठवा.

तुमची,
सुमी