आधी ओपीडी पाहा, मग प्रवेश घ्या

संपादक महोदय,

फिजिओथेरपीत पदव्युत्तर प्रवेश घेणारी मुले मला विचारतात, ‘मॅडम, कुठलं कॉलेज चांगलं?’ माझे सांगणे एकच: आधी तिथली ओपीडी पाहून या. इमारत, चकचकीत मशिन्स नंतर. न्यूरो, म्हणजे मेंदू व मज्जासंस्थेच्या आजारांची शाखा घ्यायची असेल तर वॉर्डात पक्षाघाताचे पुरेसे रुग्ण आहेत का, विद्यार्थी स्वतः त्यांना उभे करतो की नुसत्या नोंदी लिहितो, हे बघा. पक्षाघातानंतर सैल पडलेला खांदा सांध्यातून खाली उतरतो. तो कसा सावरून धरायचा, हे शेजारी उभे राहून दाखवणारा शिक्षकच शिकवू शकतो. एका गाइडकडे, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकाकडे, किती विद्यार्थी असतात, हेही सीनिअर्सना स्पष्ट विचारा. पालकांनीही फीइतकीच याची चौकशी करावी, ही कळकळीची विनंती.

– एक फिजिओथेरपिस्ट